जिंदगी व येणी

गेल्या एप्रिलमध्ये मी लागोपाठ तीन रविवार झरी जामणी तालुक्यातल्या एका गावी सेवा सोसायटीच्या कार्यालयात काढले. कार्यालय म्हणजे एक खोली, दोन लोखंडी कपाटे, खताच्या पोत्यांचा वास आणि एक नवा संगणक. तिथला गटसचिव माझा जुना विद्यार्थी. त्याचा फोन आला, "सर, जुन्या सचिवाचं अक्षर काही केल्या लागत नाही. तुम्हाले मोडी बी येते अन् उर्दू बी. येऊन जा ना जी एखाद्या दिवशी." मोडी मला अडखळतच येते आणि त्या वह्यांत उर्दू असण्याचा प्रश्नच नव्हता. पण शिक्षकाला विद्यार्थ्याने बोलावले की तो जातो.

काम असे होते. देशभरातल्या प्राथमिक कृषी पतसंस्था संगणकावर आणायच्या, त्या सगळ्यांचे हिशेब एकाच पद्धतीने ठेवायचे, असा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी घेतला. सुरुवातीला ६३ हजार संस्था, पाच वर्षांची मुदत, २,५१६ कोटींचा खर्च आणि राबवण्याची जबाबदारी नाबार्डकडे. आपल्याकडच्या विविध कार्यकारी सेवा सोसायट्या त्यात आल्या. या सॉफ्टवेअरला खात्यांची स्वतःची यादी असते, प्रत्येक खात्याला क्रमांक असतो. सोसायटीच्या जुन्या खतावणीतही खाती असतात, पण ती त्या त्या सचिवाने, त्या त्या काळात, गरजेप्रमाणे उघडलेली. जुन्या यादीतले प्रत्येक खाते नव्या यादीतल्या कोणत्या खात्यात जाणार हे ठरवून द्यावे लागते. याला ते मॅपिंग म्हणतात. ते झाल्याशिवाय जुन्या शिलका पुढे जात नाहीत.

ऐकायला हे सोपे वाटते आणि निम्मे काम सोपेच असते. 'दिवाबत्ती', 'रॉकेल' आणि 'वीज बिल' अशी तीन जुनी खाती एका वीजखर्चात गेली तर कोणाचे काही बिघडत नाही. उलटे असेल तर घाम फुटतो. जुन्या सचिवाने 'व्याज' नावाचे एकच पान केले होते. सभासदांकडून आलेले व्याज त्यातच आणि बँकेला दिलेले व्याजही त्यातच. वर्षअखेरीला उरेल तो फरक. नव्या यादीत आलेले व्याज उत्पन्नात आणि दिलेले खर्चात जाते. म्हणजे नुसती शिल्लक उचलून चालत नाही, पानातल्या नोंदी एकेक करून दोन बाजूंना वेचाव्या लागतात. त्यात आमचा पहिला रविवार गेला.

दुसऱ्या रविवारी 'भाग अनामत' निघाले.

ज्यांना सोसायटीचा व्यवहार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सभासदाला पीककर्ज देताना त्यातला थोडा हिस्सा त्याच्या भागांसाठी, म्हणजे शेअर्ससाठी, कापून घेतात. समजा भाग १०० रुपयांचा आहे आणि कपात झाली ७४० रुपयांची. सभासदाच्या नावे सात भाग झाले आणि ४० रुपये उरले. अर्धा भाग देता येत नाही. ते ४० रुपये भाग अनामतमध्ये जातात आणि पुढच्या कपातीची वाट पाहतात. खतावणीत या खात्याची एकच एकत्रित रक्कम असते. कोणाचे किती, हे वेगळ्या यादीत.

नव्या यादीत आम्हाला त्या नावाचे खाते सापडेना. गटसचिवाने 'इतर देणी' निवडले, रक्कम टाकली आणि तेरीज काढली. दोन्ही बाजू पैशापैशाने जुळल्या. तो खूश झाला. मी विचारले, "आणि यादी?" तो म्हणाला, "यादी राहील ना सर कपाटात."

मला तिथेच आमच्या घरातली एक गोष्ट आठवली. माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, पैनगंगेच्या पलीकडचे, आदिलाबादच्या बाजूचे. निजामाच्या राज्यात शिकलेले. नदीच्या अलीकडे येऊन ते आठवडी बाजारात कापड विकत. त्यांची वही उर्दूत आणि आकडे 'रकम'मध्ये. रकम म्हणजे सियाक पद्धतीचे आकडे. अशरा, मिया, अल्फ हे दहा, शंभर, हजार यांचे अरबी शब्द. असे शब्द कारकुनी हातांखाली घासून घासून जे तुकडे उरले, तेच आकडे झाले. हैदराबादेकडचे पटवारी ते लिहीत आणि दादा एका पटवाऱ्याकडूनच शिकले होते. मराठीतला 'रक्कम' हा शब्द त्याच अरबी शब्दावरून आला. ते आकडे सहसा खोडता येत नाहीत, १ चा ७ होत नाही, म्हणून दादांचा त्यांच्यावर भारी विश्वास.

अब्बा मराठी शाळेत शिकले. पुढे दुकान त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी नवी वही मराठीत सुरू केली आणि जुन्या वहीतल्या बाक्या पुढे ओढल्या. उधारी नावासकट आली, कारण ती वसूल करायची होती. पण जुन्या वहीत शेवटी एक पान 'अमानत'चे होते. कापूस वेचायला किंवा रस्त्याच्या कामाला दूर गेलेली माणसे जाताना दादांकडे थोडे थोडे पैसे ठेवून जात. कोणाचे पाच, कोणाचे वीस. अब्बांनी त्या पानाची बेरीज केली आणि नव्या वहीत 'किरकोळ देणे' अशी एक ओळ लिहिली. दादांना मराठी वाचता येत नव्हते. त्यांनी वही वाचून दाखवायला सांगितली. ती ओळ आल्यावर त्यांनी थांबवले.

"नामां किधर हैं?"

"जोड बराबर है, अब्बा."

"जोड बराबर है, मगर लोगां किधर गए?"

अब्बांनी ते पान पुन्हा लिहिले. ही गोष्ट त्यांनी आम्हाला स्वतःच, हसत, किती तरी वेळा सांगितली. दादा फार धार्मिक गप्पा मारणारे नव्हते. पण कुरआनातली सगळ्यात लांब आयत नमाज-रोज्यावर नाही, उधारी लिहून ठेवण्यावर आहे, हे ते गिऱ्हाइकांनाही सांगत.

हे आठवल्यावर मी गटसचिवाला म्हटले, जरा थांबू. आणि त्या आठवड्यात शाळेतून आल्यावर रोज मी जुन्या हिशेबपद्धतींवर जे हाती लागेल ते वाचत बसलो. एका राज्याचे हिशेब दुसऱ्या राज्याच्या वहीत ओढायचे काम आपल्या मुलखात काही पहिल्यांदा होत नव्हते.

विजापूरचा पहिला इब्राहिम आदिलशहा १५३४ मध्ये गादीवर आला. त्याने सरकारी जमाखर्च फारसीतून काढून हिंदवीत आणला आणि दफ्तरात ब्राह्मण कारकून नेमले, असे फरिश्ता लिहितो. आपल्याकडच्या कारकुनांची हिंदवी म्हणजे बहुधा मराठीच. पुढे त्याच शतकात उत्तरेत अकबराचा दिवाण तोडरमल याने नेमके उलटे केले, हिशेब फारसीत नेले. म्हणजे एकाच शतकात मुसलमान राजांच्याच दोन दफ्तरांनी दोन विरुद्ध दिशा धरल्या. भाषेला धर्म चिकटवणाऱ्यांनी (हे दोन्ही बाजूंना आहेत, मला दोन्हीकडून पत्रे येतात) या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. दोघांचाही हेतू व्यवहाराचा होता: वसुली ज्या हातांत आहे त्या हातांना समजेल, किंवा राजधानीला तपासता येईल, असा हिशेब हवा होता. आमचा भाग त्या वेळी वऱ्हाड सुभ्याच्या कडेला. आईन-इ-अकबरीत या सुभ्याच्या सरकारांच्या यादीत कळंब आणि माहूर दोन्ही आहेत.

मग शिवाजी महाराजांचा राज्यव्यवहारकोश. महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ नारायण हणमंते यांनी तो करवून घेतला. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे त्याचे दहा वर्ग आहेत आणि त्यांत दरबारात रुळलेल्या फारसी, अरबी, दख्खनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. आपण त्याला कोश म्हणतो, पण मला तो त्या आठवड्यात सोसायटीच्या तक्त्यासारखाच दिसला: डावीकडे जुने नाव, उजवीकडे नवे नाव. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत. मुजुमदार म्हणजे मजमूदार, एकूण बेरजेचा हिशेब ज्याच्याकडे तो. पद बदलले नाही, माणूसही बदलला नाही, नाव बदलले. हे एकास एक असलेले मॅपिंग, सगळ्यांत निरुपद्रवी.

गंमत अशी की पदांची नावे बदलली, पण वहीच्या आतले शब्द हलले नाहीत. जमा, खर्च, बाकी, वसूल, हिशेब, दफ्तर तसेच राहिले. पेशवे तर पदाच्या फारसी नावानेच इतिहासात गेले. आजही अकरावीच्या पुस्तपालनात रोजकीर्द आहे. रोज म्हणजे दिवस, कीर्द म्हणजे केलेले काम; उर्दूतला किरदार याच मुळाचा. बेरीज हा शब्दसुद्धा सियाकच्या रकान्यातून आलेला आहे: तपशील एका बाजूला आणि पक्का आकडा ज्या रकान्यात, त्याला बारिझ म्हणत. हे शब्द मोजून हिशेब कोणाचा हे ठरवण्याचा खेळ मला कंटाळवाणा वाटतो. माधव जूलियनांचा फार्शी-मराठी कोश १९२५ साली आला, ज्याला मोजायचे त्याने त्यात मोजावे. मला अर्थ सरकलेले शब्द आवडतात. सोसायटीच्या ताळेबंदात डावीकडे 'भांडवल व देणी' असते आणि उजवीकडे 'जिंदगी व येणी'. उर्दू शिकवणाऱ्या माणसाने हे पहिल्यांदा वाचले की तो हसतो. इकडे जिंदगी म्हणजे इमारत, फर्निचर, गोदाम. अमानतची मराठीत अनामत झाली, न आणि म यांनी जागा बदलल्या. उर्दूत अमानत हा वजनदार शब्द आहे: दुसऱ्याची वस्तू, जी आपण फक्त सांभाळतो. मराठी वहीत ती अनेकदा नुसती पडून असलेली रक्कम असते.

पेशव्यांच्या पुण्याच्या दफ्तरात एकबेरीज नावाचा विभाग होता. सगळ्या मुलखाचे हिशेब तिथे एकत्र होत. रोजकीर्दीतल्या तारीखवार नोंदी उचलून खर्चाच्या बाबींप्रमाणे लावायच्या, त्या खतावण्या; आणि गाव, महाल, सुभे यांची कित्येक वर्षांची जमा, खर्च व बाकी एका नजरेत दिसेल असा गोषवारा काढायचा, तो तर्जुमा. मी तीन वेळा वाचले. उर्दूत तर्जुमा म्हणजे भाषांतर. मी वर्गात मुलांना रोज तर्जुमा करायला लावतो! पण विचार केला तर शब्द चुकीचा नाही. गावच्या कुलकर्ण्याच्या भाषेतला हिशेब सरकारच्या भाषेत नेणे हे भाषांतरच. आणि भाषांतरात काय गळते ते भाषांतर करणाऱ्यालाच ठाऊक असते.

गळण्याचा मोठा दाखला पुढच्या सत्तांतरात आहे. १८१८ नंतर पेशवे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि मुंबई इलाख्यातली करमाफ इनामे तपासायला सुरुवात झाली. देवळांची, मठांची, दर्गे-मशिदींची, वतनदार घराण्यांची. इनामदाराच्या सनदेशी दफ्तरातली नोंद जुळली तर इनाम टिकायचे, नाही तर कर बसायचा किंवा जमीन खालसा व्हायची. अनेकांची इनामे खोटी होती, हे मान्य. पण ज्याचा हक्क तोंडी होता, किंवा ज्याची नोंद दुसऱ्या कोणाच्या एकत्रित ओळीत मिसळून गेली होती, त्याच्यापाशी दाखवायला काय होते? सरकारच्या वहीत त्याच्यासाठी पानच नव्हते आणि सरकारची तेरीज त्याच्याशिवायही जुळत होती.

आमच्याकडे हा बदल १८५३ मध्ये आला. कर्जापोटी निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले. १८६४ मध्ये आमचा भाग आग्नेय वऱ्हाड नावाच्या जिल्ह्यात होता, पुढे त्याला वणी जिल्हा म्हणू लागले आणि १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव पडले. पैनगंगेच्या उत्तरेला मुंबईच्या धर्तीची मोजणी आणि मराठी कागद, दक्षिणेला निजामाचे राज्य आणि आधी फारसी, मग उर्दू कागद. नदी उन्हाळ्यात पायी ओलांडता येते, पण सातबारा आणि पहाणीपत्रक यांच्यात मात्र भाषांतराची नदी. दादा दोन्ही काठांवर व्यवहार करत, म्हणून त्यांना हे चांगले माहीत होते.

सहकाराचा कायदा १९०४ चा. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६० चा, नियम १९६१ चे. त्यातल्या ६२ व्या नियमाने संस्थांचा ताळेबंद आणि नफातोटा पत्रक 'एन' नमुन्यात द्यायचे ठरले. म्हणजे गटसचिव दर ३१ मार्चला एक मॅपिंग करतच आलेले आहेत. घरची खाती शंभर, नमुन्यातल्या ओळी थोड्या. फरक इतकाच की नमुना 'एन' भरल्यावर घरची खतावणी तशीच राहायची. तो गोषवारा होता, तर्जुमा. आता गोषवाऱ्याचीच खतावणी होते आहे. टॅली ज्यांनी वापरले आहे त्यांना ही शिस्त ठाऊक असेल: त्यात २८ गट आधीच तयार असतात आणि नवे खाते उघडताना ते कोणत्या तरी गटाखाली घालावेच लागते. मोकळे सोडता येत नाही. शिस्त चांगली आहे. शंभर गावांचे हिशेब शेजारी ठेवून पाहायचे असतील तर तिच्याशिवाय इलाज नाही आणि जुन्या वह्यांत कोणी काय काय दडवले हे ज्यांनी पाहिले आहे ते तिच्या विरुद्ध बोलणार नाहीत. मीही बोलत नाही. माझी तक्रार 'इतर'शी आहे. ज्या खात्याची जागा शोधायचा कंटाळा येतो ते 'इतर'मध्ये जाते.

तिसऱ्या रविवारी आम्ही भाग अनामतची यादी काढली. कपाटात होती, खालच्या खणात, कोपऱ्यांना वाळवी लागलेली. अक्षर खरेच वाईट होते. एकाच माणसाचे नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी. बापाचे नाव कुठे आहे, कुठे नाही. निम्म्या ओळींसमोर अंगठे. कोलामपोडावरची बरीच नावे होती आणि तिथे आडनावे सारखी, म्हणून नाव एक आणि माणसे चार. गटसचिवाने 'देणी' या गटाखाली 'भाग अनामत' असे वेगळे खाते मिळावे म्हणून तालुक्याला विचारून घेतले. ते मिळाले. म्हणजे जागा होती, फक्त मागावी लागत होती. मग प्रत्येक सभासदाच्या क्रमांकाखाली त्याची रक्कम टाकायची आणि शेवटी यादीची बेरीज खतावणीच्या आकड्याशी ताडून पाहायची, असे ठरले. मी वाचायचे, त्याने टाकायचे.

दुपारी पोडावरची एक आजी आली. तिच्या नवऱ्याचे नाव तीन ओळींत होते आणि त्यातला तिचा नवरा कोणता हे तिलाच विचारायचे होते, म्हणून सकाळी निरोप धाडला होता. तिने बापाच्या नावावरून ओळखून दिले. गटसचिवाने रक्कम सांगितली, साडेतेरा रुपये.

"एवढ्यासाठी चालत आणलं का रे मले?" ती म्हणाली. मग खुर्चीत बसली, पाणी प्यायली आणि यादीत आणखी कोण कोण आहे ते विचारू लागली. आम्ही नावे वाचत गेलो आणि ती सांगत गेली: हा मेला, याचा पोरगा पांढरकवड्याला आहे, ही माझी नणंद, हिला वारस नाही. गटसचिव पेन्सिलने समासात लिहीत होता. संध्याकाळपर्यंत आमची चार पाने तिने एकटीने सोडवली.

बेरीज पहिल्या खेपेला जुळली नाही. २२ रुपये कमी येत होते. एका पानाच्या तळाची ओळ वाळवीने खाल्ली होती आणि तिथे फक्त अंगठा उरला होता. गटसचिवाने विचारले, "हे कोणाच्या नावानं टाकू, सर?" मी म्हटले, आज टाकू नकोस. आजीला ते पान पुन्हा दाखवायचे आहे. पुढच्या रविवारी तिच्याकडे पोडावर आम्हीच जाणार आहोत.